चौदा हजार वर्षांपूर्वीचे आजारी पिल्लू

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या आळीत एखादे तरी कुत्रे असेलच. शाळेला निघालात की ते कोपऱ्यापर्यंत सोबत करत असेल, डबा उघडला की आशेने पाहत असेल आणि रात्री अनोळखी पावलांची चाहूल लागली की सारी आळी जागी करत असेल. कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना पाळीव प्राणी आहे. शेळी, मेंढी, गाय, म्हैस हे सारे त्याच्यामागून आले. माणूस शेती करू लागण्याच्या कितीतरी आधी, तो शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून पोट भरत होता तेव्हाच, कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता.

कुत्रा माणसाजवळ राहत होता, हे जुन्या वस्त्यांत सापडणाऱ्या हाडांवरून कळते. पण त्या दोघांचे नाते कसे होते? माणसाने त्याला केवळ शिकारीपुरते वापरले, की त्याला जीवही लावला? माया काही जमिनीत पुरली जात नाही. तिचे हाड होत नाही की दगड होत नाही. मग ती होती की नव्हती, हे शास्त्रज्ञ कशावरून ठरवतात? या लेखात आपण नेमके हेच पाहणार आहोत.

दगडखाणीतील थडगे

पहिला साक्षीदार आहे जर्मनीतला. ऱ्हाइन नदीच्या काठी बॉन नावाचे शहर आहे. त्याच्या समोरच्या बाजूला ओबरकासेल येथे बेसॉल्टची खाण होती. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीत सर्वत्र दिसणारा काळा दगड. १९१४ साली या खाणीत काम करताना मजुरांना हाडे दिसली. एक पुरुष आणि एक तरुण स्त्री यांचे ते सांगाडे होते. त्यांच्यावर मोठे दगड रचलेले होते आणि हाडांवर गेरूसारखी तांबडी पूड होती. हे थडगे सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचे ठरले. हिमयुग तेव्हा सरत आले होते. युरोपात कोणीही शेती करत नव्हते.

या दोघांच्या हाडांबरोबर एका जनावराचीही हाडे होती. ती लांडग्याची असावीत असे समजून संग्रहालयात ठेवून दिली गेली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गुंटर नोबिस या प्राणिशास्त्रज्ञांनी ती पुन्हा तपासली, तेव्हा तो लांडगा नसून कुत्रा असल्याचे दिसून आले. माणसांबरोबर पुरलेल्या, खात्रीने कुत्रा म्हणता येईल अशा सर्वांत जुन्या प्राण्यांत आज त्याची गणना होते.

पण त्याची खरी कहाणी उलगडली ती २०१८ साली. लुक यान्सेन्स हे स्वतः पशुवैद्य. पुरातत्त्वाचा अभ्यास करताना त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या कुत्र्याचे दात नव्या नजरेने पाहिले. एखादा पशुवैद्य दवाखान्यात आलेल्या कुत्र्याचा जबडा उघडून पाहतो, तसेच. फरक इतकाच, की हा रोगी १४ हजार वर्षे उशिरा दवाखान्यात आला होता!

दातांची रोजनिशी

हा कुत्रा पूर्ण वाढलेला नव्हता. मेला तेव्हा तो अवघा २७-२८ आठवड्यांचा, म्हणजे सुमारे साडेसहा महिन्यांचा होता. त्याच्या दातांवर आडव्या रेषा होत्या. या रेषांचा अर्थ समजण्यासाठी दात कसा तयार होतो ते पाहू.

दाताच्या बाहेरच्या टणक, चकचकीत आवरणाला दंतवल्क किंवा एनॅमल म्हणतात. दात हिरडीतून वर येण्यापूर्वीच हे आवरण थरावर थर चढून तयार होत असते. ते तयार करणाऱ्या पेशी अत्यंत नाजूक असतात. प्राणी गंभीर आजारी पडला, त्याचे खाणे सुटले, की या पेशींचे काम मंदावते किंवा थांबते. त्या काळात तयार होणारा पट्टा पातळ राहतो आणि दातावर खाच पडते. आजार बरा झाला की काम पुन्हा सुरू होते, पण पडलेली खाच कधीच भरून येत नाही, कारण दात वर आल्यावर या पेशी उरतच नाहीत.

असाच प्रकार नखांच्या बाबतीतही घडतो. मोठ्या तापातून उठलेल्या माणसाच्या नखांवर काही आठवड्यांनी आडवी खाच दिसू शकते. आजारात नखाची वाढ अडखळल्याची ती खूण असते. नख वाढत जाते आणि कापले की खूण जाते. दातावरची खूण मात्र जन्मभर राहते आणि जन्मानंतरही हजारो वर्षे टिकते.

कुत्र्याचा कोणता दात कोणत्या वयात किती तयार होतो, हे पशुवैद्यांना ठाऊक असते. त्यामुळे खाच दाताच्या कोणत्या उंचीवर आहे, हे मोजले की आजार कोणत्या आठवड्यात झाला हे सांगता येते. ओबरकासेलच्या पिल्लाच्या दातांवर अशा एकापेक्षा अधिक रेषा होत्या. पहिला तडाखा त्याला साधारण १९ आठवड्यांचे असताना बसला. त्यानंतर पुन्हा दोनदा आजाराने उचल खाल्ली.

हा आजार बहुधा डिस्टेंपर असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. गोवराच्या विषाणूशी नाते सांगणाऱ्या विषाणूमुळे हा रोग होतो. ताप येतो, खाणे सुटते, उलट्या आणि जुलाब होतात, श्वास लागतो, पुढे झटकेही येतात. आज त्यावर लस आहे. लस न टोचलेल्या पिल्लांना तो आजही जिवावर बेततो.

आता तुमच्यापैकी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, की दातावरच्या रेषा उपासमारीने किंवा दुसऱ्या रोगानेही पडतात, मग डिस्टेंपरच कशावरून? शंका रास्त आहे. अनेक दातांवर ठरावीक अंतराने पडलेल्या रेषा डिस्टेंपरच्या चढउताराशी जुळतात, म्हणून तो निष्कर्ष निघाला. पण समजा, रोग दुसराच होता. तरी मुख्य मुद्दा ढळत नाही. दातांवरून दिसते ते असे, की पिल्लू गंभीर आजारी पडले, सावरले, पुन्हा पडले, पुन्हा सावरले. या आजारपणात ते सुमारे आठ आठवडे जिवंत राहिले. एवढ्या आजारी पिल्लाला कोणी सांभाळले नसते, तर ते तीन आठवडेही जगले नसते, असे यान्सेन्स यांचे म्हणणे आहे.

उपयोग काय होता?

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आजारी पिल्लू शिकारीला जाऊ शकत नव्हते. राखण करू शकत नव्हते. उलट त्याला ऊब द्यावी लागे, घाण साफ करावी लागे, पाणी पाजावे लागे, अन्न भरवावे लागे. आणि हे करणारे लोक कसे होते? ज्यांच्याकडे धान्याचे कोठार नव्हते, दूधदुभते नव्हते. आज शिकार मिळाली तर आज पोटभर, नाही मिळाली तर उपास. अशा लोकांनी आपल्या तोंडचा घास काढून एका निरुपयोगी पिल्लाला दिला, आणि एकदा नव्हे तर आठवडेच्या आठवडे दिला. पिल्लू अखेरीस गेले. ते आजाराने गेले, की त्या दोघांबरोबर पुरण्यासाठी त्याला मारले, हे हाडांवरून कळत नाही. पण त्याआधीच्या आठ आठवड्यांची साक्ष त्याच्या दातांवर उमटलेली आहे.

येथे पुराव्याचे एक सूत्र हाती येते. उपयोगी जनावराला कोणीही जपतो. म्हणून एखादा धडधाकट शिकारी कुत्रा चांगला पोसलेला दिसला, तर त्यावरून मायेचा निष्कर्ष काढता येत नाही. जे जनावर काहीच परत देऊ शकत नाही, त्याला जपल्याची खूण सापडली, तर मात्र गोष्ट वेगळी.

एकाच ताटात

दुसरा साक्षीदार सायबेरियात आहे. बैकल हे जगातले सर्वांत खोल सरोवर. त्याच्या परिसरात ५ ते ८ हजार वर्षांपूर्वी शिकार आणि मासेमारी करणारे लोक राहत. आपल्या माणसांच्या दफनभूमीतच ते काही कुत्र्यांना पुरत. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे रॉबर्ट लोझी आणि त्यांचे सहकारी यांनी या कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. एका कुत्र्याच्या गळ्यात तर हरणाच्या सुळ्यांची माळ होती. तशी माळ तेथील माणसांच्या थडग्यांतही आढळते.

या संशोधकांनी हाडांचे रासायनिक परीक्षणही केले. आपण जे खातो त्यातील कार्बन आणि नायट्रोजन आपल्या हाडांत जाऊन बसतो. नायट्रोजनच्या अणूंमध्ये काही किंचित जड असतात. त्यांना जड समस्थानिक म्हणतात. वनस्पती खाणाऱ्याच्या हाडांत त्यांचे प्रमाण कमी असते, त्याला खाणाऱ्यात जास्त आणि मोठे मासे किंवा सील खाणाऱ्यात आणखी जास्त. म्हणजे हाड ही जणू जेवणाची वहीच! बैकलच्या कुत्र्यांची आणि माणसांची वही ताडून पाहिली, तेव्हा दोघांचा आहार बराचसा सारखा निघाला. माणसांनी मासे आणि सील खाल्ले, तेच कुत्र्यांनीही खाल्ले. ही कुत्री रानात आपली आपण शिकार करून जगत नव्हती. वस्तीतच खात होती.

एकत्र जेवण्याची ही खूण आजच्या कुत्र्यांच्या शरीरातही आहे. पिष्टमय पदार्थ पचवायला अमायलेज नावाचे विकर लागते. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या ४ पासून ३० पर्यंत असू शकतात, असे २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. माणूस शेती करून धान्य खाऊ लागला आणि त्याच्या दारातल्या कुत्र्याचे पोटही हळूहळू धान्याला सरावले. तुम्ही टाकलेला भाकरीचा तुकडा तुमच्या आळीतले कुत्रे आनंदाने खाते आणि पचवते, त्यामागे हजारो वर्षांचा सहवास आहे.

थडगे म्हणजे माया नव्हे

आता जरा सावध होऊ. कुत्र्याचे थडगे सापडले की 'पाहा, किती हे प्रेम!' असे म्हणण्याचा मोह होतो. पण शास्त्राला अशी घाई चालत नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे प्राचीन इजिप्त.

इजिप्तचे लोक कुत्र्यांना नावे ठेवत आणि ती दगडावर कोरत. सुमारे ४,१०० वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या इंतेफ राजाच्या शिलापट्टावर त्याची लाडकी कुत्री कोरलेली आहेत, नावांसकट. त्यांतील एकाच्या नावाचा अर्थ 'हरीण' तर दुसऱ्याच्या नावाचा अर्थ 'काळ्या' असा होतो! १९३५ साली गिझा येथे जॉर्ज राइस्नर यांच्या उत्खननात याहूनही जुना एक कोरीव दगड मिळाला. राजाची राखण करणाऱ्या अबुवतियुव नावाच्या कुत्र्याला राजाने सन्मानाने पुरवले, त्याला शवपेटी, तलम कापड आणि धूप दिला, त्याच्यासाठी थडगे बांधवले, असे त्यावर नोंदलेले आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इ. स. पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेला होता. घरचा कुत्रा मेला की तेथील माणसे डोक्यासह सर्वांगाचे केस काढतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे घरचे वडीलधारे माणूस गेल्यावर क्षौर करतात, त्याची येथे आठवण होते.

पण याच इजिप्तमध्ये सक्कारा येथे जमिनीखाली लांबच लांब बोगदे आहेत. कोल्ह्याच्या मुखाचा देव अनुबिस याला वाहिलेले प्राणी तेथे ममी करून ठेवीत. कार्डिफ विद्यापीठाचे पॉल निकल्सन यांच्या गटाने या बोगद्यांचा अभ्यास करून २०१५ साली अंदाज प्रसिद्ध केला, की तेथे सुमारे ८० लाख प्राणी ठेवले गेले असावेत. त्यांतील बहुतेक कुत्री होती, आणि त्यांत अनेक तर जन्मून काही तास किंवा काही दिवस झालेली पिल्ले! देवाला वाहण्यासाठी त्यांची मुद्दाम पैदास केली जात असावी, असे संशोधकांना वाटते. येथे ममी आहे, विधी आहे, श्रद्धाही आहे. पण त्या पिल्लाला कोणी जीव लावला होता, असे म्हणता येत नाही.

आपल्या देशातही असा विचार करावा लागतो. काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ बुर्झाहोम नावाची नवाश्मयुगीन वस्ती आहे. तेथे माणसांच्या थडग्यांत कुत्र्यांची हाडे मिळाली आहेत. हा कुत्रा मेलेल्या माणसाचा आवडता सोबती होता, की परलोकी सोबत हवी म्हणून त्याला मारून पुरले होते? स्वीडनमधील स्केटहोम येथे सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीची दफनभूमी आहे. तेथे काही कुत्र्यांना माणसांसारखे स्वतंत्र पुरून त्यांच्याजवळ शिंगाच्या आणि गारगोटीच्या वस्तू ठेवल्या आहेत, तर काही कुत्री माणसांबरोबर पुरण्यासाठी मारलेली आहेत. एकाच गावाने कुत्र्याला मानही दिला आणि त्याचा बळीही घेतला.

कार्थेजचा म्हातारा

म्हणूनच तिसरा साक्षीदार मोलाचा आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, आजच्या ट्युनिशियात, कार्थेज हे प्राचीन शहर होते. रोमन काळातील तेथील यास्मिना दफनभूमीत सुमारे १,८०० वर्षांपूर्वीचे एक थडगे मिळाले. त्यात एका तरुण व्यक्तीच्या पायाशी एक लहानखुरा कुत्रा पुरलेला होता. कुत्र्याच्या खांद्यामागे काचेचा वाडगा ठेवलेला होता.

कॅनडातील मायकेल मॅकिनन यांनी या कुत्र्याची हाडे तपासली, तेव्हा त्यांना दवाखान्याचा अख्खा केसपेपरच वाचायला मिळाला. कुत्रा अतिशय म्हातारा होता. त्याचे सांधे संधिवाताने धरलेले होते. खुबा निखळलेला होता. बरेच दात पडून गेले होते. दात पडल्यावर जबड्यातली पोकळी हाडाने हळूहळू भरून येते. ती भरलेली दिसली, याचा अर्थ दात गेल्यावरही कुत्रा पुष्कळ काळ जगला. असा कुत्रा धावू शकत नव्हता, चावू शकत नव्हता, हाड फोडून खाऊ शकत नव्हता. त्याला कोणीतरी रोज मऊ अन्न भरवत होते.

हे पोसणे आणि ओबरकासेलच्या पिल्लाला जगवणे, दोन्हीत तत्त्व एकच आहे. एकीकडे ज्याच्याकडून अजून काही मिळाले नव्हते असे पिल्लू, तर दुसरीकडे ज्याच्याकडून आता काही मिळणार नव्हते असा म्हातारा. मध्ये सुमारे बारा हजार वर्षांचे अंतर. एका बाजूला कातडी पांघरणारे शिकारी, दुसऱ्या बाजूला काच वापरणारे नगरवासी. दोघांच्याही वागण्याचा हिशेब फायद्यातोट्याच्या वहीत बसत नाही.

काय शिकलो?

मित्रांनो, स्वर्गाच्या दाराशीही सोबतीच्या कुत्र्याला न सोडणारा महाभारतातला युधिष्ठिर तुम्हांला ठाऊक आहे. ती कवीने सांगितलेली कथा. येथे आपण पाहिली ती हाडांनी दिलेली साक्ष. कथेत कवी मनातले सांगू शकतो. हाडे मनातले सांगत नाहीत, ती फक्त केलेली कृती सांगतात. ओबरकासेलच्या त्या माणसांना पिल्लाविषयी काय वाटत होते, ते आपल्याला कधीच कळणार नाही. त्यांनी काय केले, ते मात्र कळले. आणि मायेची पारख करायची तर माणसाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या करण्याकडे पाहावे, हे तर आपली वडीलधारी माणसेही सांगत आली आहेत.

शेवटी एक अभ्यास. तुमच्या आळीतल्या एखाद्या कुत्र्याचे आठवडाभर लांबून निरीक्षण करा. ते लंगडते का, काय खाते, त्याला कोण खायला घालते, पाऊस आला की ते कुठे बसते, हे वहीत लिहा. (त्याच्या तोंडात हात घालू नका, आणि कुत्रे चावलेच तर जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस घ्या.) मग वहीच्या पानाचे दोन भाग करा. डाव्या बाजूला लिहा : या नोंदींपैकी काय काय त्याच्या हाडांवर आणि दातांवर उमटेल? उजव्या बाजूला लिहा : काय उमटणार नाही? वर्गात या दोन याद्या वाचून चर्चा करा. उजवीकडची यादी बहुधा लांब निघेल. पण डावीकडच्या यादीत एखादी बरी झालेली जखम किंवा जुळून आलेले हाड असेल, तर ते कोणामुळे जुळले, याचीही चौकशी करा.